सफाईचे गुण

लंडनच्या हॉक्स्टन भागात कोरोनेट स्ट्रीट नावाची एक आखूड गल्ली आहे. तिथल्या एका जुन्या लाल विटांच्या इमारतीवर लॅटिन भाषेत कोरलेलं आहे : धुळीतून प्रकाश आणि शक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोरडिच वस्तीचा केरकचरा इथे आणून जाळायचे, त्या आचेवर पाण्याची वाफ करायचे आणि वाफेवर वीज. आता इथे सर्कस शिकवतात. नॅशनल सेंटर फॉर सर्कस आर्ट्स हे संस्थेचं नाव, पण आम्ही विद्यार्थी 'शाळा'च म्हणतो. दोन मोठ्या दालनांची नावं अजून बदललेली नाहीत. एक कम्बशन चेंबर, दुसरं जनरेटिंग चेंबर. त्यामुळे "आज सकाळी तू कम्बशनला का?" असं आम्ही एकमेकांना अगदी सहज विचारतो आणि बसमधली माणसं वळून बघतात. जिथे भट्ट्या आणि यंत्रं बसवायची तिथे छत उंच लागायचं. झोपाळ्याला आणि दोरीलाही उंच छतच लागतं. इमारतीला धंदा बदलताना फारसा त्रास झाला नसावा.

सर्कशीचा विद्यार्थी म्हटलं की लोकांना वाटतं, हा उठल्याबरोबर कोलांट्या मारत असेल. प्रत्यक्षात सकाळचा पहिला बराच वेळ मनगटांत जातो. जमिनीवर गुडघे टेकून, हात पुढे ठेवून, मनगटं गोल फिरवायची, उलटी टेकवायची, बोटं एकेक करून मागे ताणायची. वीस-बावीस जण मुकाट्याने हेच करत बसलेले असतात. कुणाची झोप अजून उतरलेली नसते, कुणी कालच्या मुरगळलेल्या घोट्याला पट्टी गुंडाळत असतो. मग खांदे, मग पाठ, मग हातांवर उभं राहणं.

हातांवर उभं राहणं बाहेरून फार स्थिर दिसतं. आत मात्र एक क्षणही स्थिर नसतो. माणूस सारखा पडत असतो आणि प्रत्येक पडणं बोटांनी अडवत असतो. तोल पाठीकडे झुकायला लागला की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची. उलट, पाय जमिनीच्या ओढीने परत यायला लागले की बोटं सैल सोडून भार तळव्याच्या मुळावर येऊ द्यायचा. ही सगळी खटपट दीड-दोन इंचांच्या पट्ट्यात चालते. नजर दोन हातांच्या मधल्या एका बिंदूवर. मला तिथल्या फळीवरचा एक ओरखडा इतका पाठ झालाय की कागदावर काढून दाखवीन. गंमत अशी, की जो चांगला उभा राहतो त्याची बोटं पांढरी पडलेली कुणालाच दिसत नाहीत. सगळे वर पायांकडे बघतात.

माझा मुख्य विषय दोरी. छतापासून खाली सोडलेली एक उभी दोरी, फ्रेंच लोक तिला कॉर्ड लीस म्हणतात. प्रवेश घेताना मला वाटलं होतं की या विषयात आपलं निम्मं शिक्षण दादरलाच उरकलंय. लहानपणी मी दोरीचा मल्लखांब केलेला. ती दोरी सुती, बारीक, बोटाएवढ्या जाडीची. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची आणि त्या चिमटीच्या जोरावर वर सरकायचं. दोरीला कुठेही गाठ मारायची नाही, नुसते विळखे आणि आढ्या, म्हणजे पायांच्या पकडी. पहिल्या वर्षी अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटते, मग ती जागा टणक होते, मग आयुष्यभर चपलेचा अंगठा टोचत नाही.

लंडनची दोरी हातात घेतली आणि माझा हा कमावलेला अंगठा एका मिनिटात बेकार झाला. इथली दोरी चांगली जाड, मऊ सुताच्या आवरणाची. ती चिमटीत मावेच ना. इथे दोन्ही पावलं एकमेकांवर दाबून, दोरी त्यांच्यात आवळून चढतात; मांडीला, कमरेला वेढे घेतात आणि मग एकदम सुटून गरगरत खाली येतात. बारीक दोरीवर आपण दोरीला धरतो, जाड दोरीवर दोरी आपल्याला धरते, असं मी स्वतःशी समीकरण मांडलं आणि त्यावर काही दिवस खूश राहिले. गुडघ्याच्या मागची कातडी जळून लाल झाली तेव्हा समीकरण मागे पडलं. दोरीचा दाह आगीच्या भाजण्यासारखाच असतो, फक्त त्याचा आकार लांबट पट्ट्यांचा. उन्हाळ्यातसुद्धा आम्ही दोरीवाले लांब बाह्यांत आणि जाड पायमोज्यांत वावरतो, त्यावरून ओळखू येतो.

खांबाचंही तसंच. इथला चायनीज पोल म्हणजे रबर चढवलेला लोखंडी उंच नळ. त्यावर जाड कपडे आणि बूट घालून चढायचं, उघडी कातडी लागली तर सोलून निघते. आपला मल्लखांब सागवानाचा नाहीतर शिसवीचा, खाली जाड, वर निमुळता, त्याला अंग, मान, बोंड असे अवयव. त्याला एरंडेल चोळायचं आणि उघड्या अंगाने भिडायचं. चिनी खांबावर घर्षण वाढवायची खटपट, आपल्याकडे तेच आटोक्यात ठेवायची. माझ्या वर्गातल्या एका ब्राझिलियन मुलाला मी एरंडेलाचं सांगितलं तेव्हा त्याला ती थापच वाटली. मग मी त्याला २०१९ साली शिवाजी पार्कवर झालेल्या पहिल्या जागतिक मल्लखांब स्पर्धेचे व्हिडिओ दाखवले. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "पण यांच्या चेहऱ्यावर काहीच का दिसत नाही?"

तिथेच माझी खरी अडचण सुरू होते.

दादरच्या व्यायामशाळेत आमच्या सरांचा एकच धोशा असायचा : सफाई. पायाची बोटं ताणलेली, गुडघा सरळ, दोन पकडींच्या मधे अडखळणं नाही, आणि तोंड वाकडं करायचं नाही. कितीही अवघड आढी असो, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही पोरगी जिना चढतेय. स्पर्धेत कसरतीच्या अवघडपणाला गुण मिळायचे, पण सर पाठ थोपटायचे ती सफाईबद्दल. धाप लागली तर ती उतरून, सलामी देऊन, पडद्यामागे गेल्यावर. लंडनच्या आमच्या दोरीच्या बाई (इथे शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात, ती माझ्या तोंडून अजून नीट निघत नाही, म्हणून मी काहीच हाक न मारता समोर जाऊन उभी राहते) पहिल्याच सत्रात म्हणाल्या, "तू वर जातेस तेव्हा मला काहीच होत नाही, कारण तुलाच काही होत नाही." पकड बदलताना हात थरथरतो ना, मग थरथरू दे. श्वास ऐकू येऊ दे. वर जायचं की नाही असा प्रश्न पडलेला दिसू दे.

मला हे आधी अजिबात पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. नव्या सर्कशीत श्रम दाखवण्याची एक टूम आहे. कलाकार घाम पुसतो, प्रेक्षकांकडे बघतो, जोरजोरात श्वास घेतो, आणि हा श्वास कितव्या सेकंदाला घ्यायचा ते ठरलेलं असतं. तीही एक सफाईच, फक्त उलटी शिवलेली. मी तसे खेळ पुष्कळ बघितलेत आणि दमल्याचं नाटक करणाऱ्यापेक्षा न दमल्याचं नाटक करणारा मला जास्त सभ्य वाटतो. तो निदान आपलं ओझं प्रेक्षकाच्या मांडीवर ठेवत नाही. पण बाईंचं म्हणणं निव्वळ फॅशनचं नाही, हेही कळतं. एकदा त्यांनी मला दोरीवर अर्ध्यातच थांबायला लावलं. काही करायचं नाही, फक्त लटकून राहायचं, हात भरून येईपर्यंत. खाली वर्ग बसलेला. थोड्या वेळाने त्यांच्यातली एक मुलगी, तिचं तिलाही न कळता, आपल्याच मुठी आवळायला लागली. माझ्या एकाही आढीने ते कधी घडवलं नव्हतं.

दुपारचा वेळ, कुणाला सांगितलं तर खरा वाटणार नाही अशा कामात जातो. म्हणजे हमालीत. जाडजूड गाद्या ओढणं, त्यांच्यात फट राहिली नाही ना बघणं, कप्प्या, कड्या, कॅराबिनर, गोल फिरणारा स्विव्हेल तपासणं. वर टांगण्याच्या या कामाचा, रिगिंगचा, वेगळा तास असतो. दोरीवर टांगलेलं माझं वजन आणि वेढा सुटून खाली येताना थांबलेलं माझं वजन या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. तो थांबतानाचा झटका माझ्या वजनाच्या कित्येक पट असतो आणि तो सगळा त्या वरच्या एका कडीवर येतो. म्हणून कडीवर छापलेला आकडा वाचायचा, तिच्यावर ओरखडा आहे का ते नखाने चाचपायचं, स्क्रू पुरता फिरवायचा, आणि मग दुसऱ्या कुणीतरी तेच सगळं पुन्हा बघायचं. आपणच आपलं तपासलेलं चालत नाही. माझी कडी बहुतेकदा एक वेल्श मुलगी बघते. आमचं एरवी विशेष जमत नाही. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरून दोनदा वाजलंय. पण कडी बघायला मला तीच हवी असते, कारण ती कुणाच्याही भिडेला पडून "ठीक आहे" म्हणत नाही.

संध्याकाळी घरी येऊन हातांचे घट्टे कानशीने घासायचे. घट्टा वाढू दिला तर एक दिवस तो मुळासकट उचकटतो आणि आठवडा बुडतो. फार घासला तर खालची कोवळी कातडी उघडी पडते. पकडीसाठी लावलेल्या राळेचा चिकटा कपड्यांतून जात नाही. ती राळ उशीच्या अभ्र्यालाही लागते, मोबाइललाही, एकदा पोळीच्या कणकेलाही लागली. भूक मात्र सगळ्या चिंतांच्या वर. वरणभात, शेंगदाण्याची चटणी, दोन अंडी, आणि वर पुन्हा काहीतरी. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, त्यामुळे जेवण आटोपून घड्याळ बघावं तर सहा वाजलेले.

गुरुवारी विदूषकाचा तास असतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. लाल नाक लावून सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि काही करायचं नाही, हसवायचा प्रयत्नही करायचा नाही. मला त्यापेक्षा उलटं लटकणं सोपं जातं.

इथल्या गणेशोत्सवात भेटलेल्या एका काकांनी मी काय शिकते हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे वाघ-सिंह वगैरे?" मी सांगितलं, काका, आपल्याकडे सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांना खेळात वापरायला १९९८ सालीच बंदी केली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, इंग्लंडच्या फिरत्या सर्कशींतून जंगली प्राणी हद्दपार झाले ते २०२० साली. काकांना आपण इंग्रजांच्या पुढे होतो याचा आनंद झाला. मग त्यांनी दामू धोत्र्यांचं नाव काढलं. धोत्रे १९०२ साली पुण्यात जन्मले, पोरवयातच सर्कशीत शिरले आणि पुढे अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूत बिबट्यांचे खेळ करून गाजले. काकांच्या वडिलांनी त्यांच्याबद्दल सांगितलेलं बरंच काही काकांना तोंडपाठ होतं. एका मराठी माणसाने सर्कस शिकायला लंडनला जावं यात काय नवल आहे, असं उलट मलाच त्यांनी विचारलं.

नवल नाही हे खरंच. सर्कशीचा उगम इथे, थेम्सच्या काठी लँबेथला. फिलिप अॅस्टली नावाच्या घोडदळातल्या निवृत्त शिपायाने १७६८ साली गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. पुढे त्याने रिंगण ४२ फूट व्यासाचं केलं, कारण धावत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहायला तेवढा वळसा सोयीचा पडतो. आपल्याकडेही सर्कस आणली ती घोड्यांच्याच माणसाने. विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या संस्थानात अश्वशाळेवर होते. मुंबईत इटालियन किअॅरिनीची सर्कस पाहून ते पेटले आणि २० मार्च १८८० ला त्यांनी स्वतःच्या ग्रँड इंडियन सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे केरळातल्या तलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. छत्र्यांना कसरतपटू हवे होते, कुन्हीकण्णनांना शिकवता येत होतं. १९०१ साली कुन्हीकण्णनांनी तिथल्या चिराक्कराला सर्कशीची शाळाच काढली. देशभरच्या तंबूंत पुढे कितीतरी वर्षं मल्याळी नावं दिसत राहिली, त्याची मुळं इथे आहेत.

हे सगळं अभिमानाने सांगताना मी एका जागी मात्र चाचरते. त्या तंबूंत पोरं पाच-सहा वर्षांची असताना येत. पुढेपुढे गरिबाघरची, पुष्कळशी नेपाळातली, कुणीतरी दलालाने आणलेली. त्यांची हाडं वळायच्या वयात वळवली जात आणि रात्री चमचमत्या कपड्यांत ती इतक्या सफाईने झोके घेत, की बघणाऱ्याच्या मनात त्यांच्या दिवसाबद्दल एकही प्रश्न उठू नये. २०११ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला मनाई केली. ते योग्यच झालं. मालक मंडळी म्हणतात, मग नवे कलाकार कुठून येणार, शरीर लहानपणीच घडवावं लागतं. शरीर लहानपणीच घडतं हे खोटं नाही. मीही सातव्या वर्षीच व्यायामशाळेत गेले. माझ्याही अंगठ्याची कातडी सोलली, मीही रडले, सरांनी माझेही पाय धरून खाली दाबले. फरक एवढाच की साडेसातला आई फाटकाशी उभी असायची आणि मी कंटाळले तर दुसऱ्या दिवशी न जायची मला मुभा होती. त्या मुभेवर माझं सगळं शिक्षण उभं आहे. बाई जेव्हा म्हणतात की प्रश्न पडलेला दिसू दे, तेव्हा मला कधीकधी वाटतं की ज्याला नाही म्हणता येत होतं त्यालाच हा प्रश्न रंगमंचावर आणणं परवडतं.

सध्या वर्षअखेरच्या सादरीकरणाची तयारी चालू आहे. आपली दोरी, आपलं संगीत, सहा मिनिटं. मी संगीत शोधताना पुन्हा छत्र्यांपाशीच जाऊन पोचले. विष्णुपंत घोड्यांइतकेच गाण्याचेही वेडे. तरुणपणी ग्वाल्हेरला ते हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकलेले. पुढे काशीला सर्कस घेऊन गेले असताना त्यांना गुरूचा मुलगा रहिमत खाँ भणंग अवस्थेत भटकताना सापडला, अशी हकिकत सांगतात. त्यांनी त्याला उचलून आपल्याबरोबर आणलं, सांभाळलं, आणि मग एवढा मोठा गवई सर्कशीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरला. विष्णुपंत १९०५ साली गेले; त्यानंतर त्यांच्या भावाने, काशिनाथपंतांनी, खाँसाहेबांना शेवटपर्यंत जपलं. १९२२ साली ते वारले ते कुरुंदवाडला. अखेरच्या काळात त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांतली भैरवी आजही इंटरनेटवर ऐकायला मिळते. खरखर पुष्कळ आहे, पण आवाज वर जातो तेव्हा कुठेही चढ लागल्याचं जाणवत नाही. माझे सर असते तर सफाईचे पुरे गुण दिले असते.

बाईंना मी ती ऐकवली. त्यांना राग कळत नाही की भाषा, पण डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, वापर, जरूर वापर. अडचण वेळेची. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून जास्त मावायचं नाही, त्यामुळे खाँसाहेब माझ्या निम्म्या खेळात संपतात. बाई म्हणतात, उरलेला वेळ काहीही लावू नकोस, दोरीची करकर आणि तुझी धाप लोकांना ऐकू दे. मी म्हणते, मग सुरुवात शांततेत करू, गाणं उतरताना येऊ दे, म्हणजे धाप झाकली जाईल. यावर आठवडाभर वाद चाललाय आणि ध्वनिव्यवस्था बघणारा मुलगा आम्हा दोघींना टाळतोय. काल आईला फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, मग एवढं काय त्यात? तीच रेकॉर्ड दोनदा लाव की."